कुमामोन : कुमामोतोचं काळं अस्वल जन्मलं कसं आणि टिकलं कसं

गवती चहा (धागाकर्ती)

जपानी शुभंकर म्हटलं की आपल्याकडे हॅलो किटीचं नाव निघतं आणि विषय तिथेच संपतो. किटी एका कंपनीची. शिमिझु युको यांनी ती १९७४ मध्ये सानरियोसाठी काढली आणि १९७५ मध्ये ती सुट्ट्या पैशांच्या छोट्या पाकिटावर बाजारात आली. हा धागा कुमामोनसाठी आहे. काळं, गोल पोटाचं, लाल गालांचं हे अस्वल एका सरकारी कचेरीनं जन्माला घातलं. आज ते कुमामोतो प्रीफेक्चरचं अधिकृत शुभंकर आहे. (जपानमध्ये अशी ४७ प्रीफेक्चर आहेत. आकारानं ती आपल्या जिल्ह्याएवढी, पण त्यांचा कारभार निवडून आलेला गव्हर्नर पाहतो.)

जन्माची हकीकत अशी. कुमामोतो ज्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर आहे, तिथल्या शिनकानसेनचा (बुलेट ट्रेनचा) पूर्ण मार्ग १२ मार्च २०११ रोजी सुरू होणार होता. त्यानिमित्त प्रीफेक्चरनं प्रचारासाठी सल्लागार नेमले कोयामा कुंदो. ते कुमामोतोतल्या आमाकुसाचेच, पेशानं पटकथाकार. त्यांनी मोहिमेला नाव दिलं 'कुमामोतो सरप्राइझ'. बाहेरच्यांना जाहिराती दाखवण्याआधी इथल्या लोकांनी आपल्या रोजच्या गोष्टींमधली नवलाई स्वतः ओळखावी, ही त्यामागची कल्पना. बोधचिन्हाचं काम त्यांनी मिझुनो मानाबू या डिझायनरकडे दिलं. मागणी फक्त बोधचिन्हाची होती. नुसत्या अक्षरांवर मोहीम चालणार नाही असं वाटून मिझुनोंनी सोबत एक अस्वलही काढून दिलं. न मागता दिलेलं हे अस्वलच पुढे मुख्य झालं.

'कुमा' म्हणजे अस्वल, आणि कुमामोतोच्या नावातलं पहिलं चित्राक्षरही तेच. 'मोन' हे 'मोनो' म्हणजे 'माणूस' या शब्दाचं तिथल्या बोलीतलं रूप. सरळ मराठीत सांगायचं तर कुमामोन म्हणजे कुमामोतोकर. क्युशूच्या रानात आज अस्वलं उरलेली नाहीत, त्यामुळे हे अस्वल स्थानिक प्राण्यांचं प्रतीक नाही. ते आलंय नावातून.

त्याचा वाढदिवस १२ मार्च, शिनकानसेन सुरू झाली तो दिवस.

जाणकारांनी लिहावं. मला विशेष कळून घ्यायचंय ते हे : जपानमध्ये असे शुभंकर शेकड्यांनी असताना हाच एवढा पुढे का गेला?

---

दख्खनची राणी

रेल्वेचा भाग समजला नाही तर कुमामोन ओसाकात का फिरत होता ते कळत नाही, म्हणून तो सविस्तर लिहितो.

क्युशू शिनकानसेन आधी दक्षिणेकडून बांधली गेली. १३ मार्च २००४ रोजी शिन-यात्सुशिरो ते कागोशिमा-चुओ हा तुकडा सुरू झाला. हाकाताहून (हे फुकुओका शहराचं मुख्य स्टेशन) निघणारे प्रवासी साध्या रुळांवरच्या गाडीनं शिन-यात्सुशिरोपर्यंत यायचे आणि त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या शिनकानसेनमध्ये चढायचे. २०११ मध्ये हाकाता ते शिन-यात्सुशिरो हा उरलेला तुकडा जोडला आणि शिन-ओसाकाहून थेट कागोशिमापर्यंत 'मिझुहो' आणि 'साकुरा' या गाड्या धावू लागल्या. शिन-ओसाका ते कुमामोतो सर्वांत वेगवान गाडीनं तीन तासांच्या आत आलं, हाकाता ते कुमामोतो जेमतेम अर्ध्या तासावर.

लोकांना वाटतं की गाडी आली म्हणजे पर्यटक आले. कुमामोतोच्या कचेरीला उलट धास्ती होती आणि ती रास्त होती. कुमामोतो हे मधलं स्टेशन. उत्तरेला फुकुओकासारखं मोठं शहर, दक्षिणेला शेवटचं स्टेशन कागोशिमा. ओसाकाचा प्रवासी एकतर फुकुओकात उतरेल किंवा थेट शेवटपर्यंत जाईल. शिवाय कुमामोतोचे लोकच अर्ध्या तासात खरेदीला फुकुओकाला जातील. जपानी नियोजनात याला 'स्ट्रॉ परिणाम' म्हणतात : जलद गाडी आली की मोठं शहर नळीनं ओढल्यासारखी लहान गावातली उलाढाल ओढून घेतं.

म्हणून मोहिमेचं लक्ष्य तोक्यो ठेवलं नाही. थेट गाडीच्या दुसऱ्या टोकाचं कानसाई, म्हणजे ओसाका आणि आसपासचा भाग ठरवला. एवढा एक निर्णय बरोबर पडल्यामुळे पुढचं सगळं शक्य झालं, असं माझं मत आहे.

एक नोंद राहायला नको. मार्ग सुरू झाला तो तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, भूकंप-त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी. सगळे उद्घाटन सोहळे रद्द झाले. ज्या दिवसासाठी कुमामोन तयार केला त्या दिवशी त्याला नाचताच आलं नाही.

---

मोरपिशी

ओसाकातल्या मोहिमेची पद्धत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. २०१० मध्ये कुमामोन ओसाकात आला तेव्हा त्याच्यामागे ना फलक होते, ना घोषणा. तो नुसता गर्दीच्या ठिकाणी दिसायचा. हे कोण, कुठलं, असं लोकांनी आपसात विचारावं आणि फोटो टाकावेत, एवढीच अपेक्षा. मग त्याला काम दिलं : ओसाकात दहा हजार व्हिजिटिंग कार्डं वाटायची. हे काम अर्धवट टाकून कुमामोन बेपत्ता झाला, असं जाहीर केलं गेलं. गव्हर्नर काबाशिमा इकुओ यांनी खरीखुरी पत्रकार परिषद घेतली आणि तो कुणाला दिसला तर कळवा, असं गंभीरपणे आवाहन केलं. लोक त्याला शोधू लागले, ट्विटरवर पत्ते येऊ लागले.

इथे दोन गोष्टी जुळल्या. एक, जाहिरातीची जागा विकत घ्यावी लागली नाही, बातमीच जाहिरात झाली. दोन, प्रीफेक्चरचा प्रमुख स्वतः या खेळात उतरला आणि त्यानं एकदाही डोळा मिचकावला नाही. हाताखालच्यांनी खेळ मांडला असता आणि वरच्यांनी हसून सोडून दिलं असतं तर तो पहिल्याच आठवड्यात मेला असता.

काबाशिमा मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं कचेरीतलं घोषवाक्य होतं 'बशी फोडा'. जो जास्त बशा धुतो त्याच्याच हातून जास्त फुटतात, तेव्हा फुटेल या भीतीनं हात आखडू नका, असा त्याचा अर्थ. सरकारी खात्यात असली मोहीम मंजूर कशी झाली, याचं उत्तर मला तरी तिथे सापडतं.

---

शाईची दौत

चित्राबद्दल लिहितो. कुमामोन काढायला सोपा दिसतो आणि हमखास चुकतो.

रंग तीनच : काळा, पांढरा, लाल. छटा नाही, सावली नाही, केसांचा पोत नाही. काळा रंग कुमामोतोच्या किल्ल्याचा, कारण त्याच्या भिंतींच्या काळ्या फळ्या ही शहराची ओळख आहे. लाल गाल म्हणजे तिथला आसो ज्वालामुखी आणि तिथली लाल पिकं. टोमॅटो आणि कलिंगड या दोन्हींच्या उत्पादनात कुमामोतो जपानात पहिलं आहे. त्यामुळे गालांवरून कधीही शेतमालाकडे वळता येतं, आणि पुढे तसं केलंही : २०१३ मध्ये 'कुमामोनचे गाल हरवले' अशी मोहीम काढली आणि बिनगालांचं अस्वल घेऊन गव्हर्नर पुन्हा पत्रकारांसमोर बसले.

चुकतं कुठे? डोळ्यांत. डोळे म्हणजे पूर्ण गोल पांढऱ्या चकत्या आणि मधोमध लहान काळा ठिपका. नवखा माणूस ठिपका मोठा करतो किंवा त्यात चकाकीचा पांढरा बिंदू घालतो. तसं केलं की चेहरा लगेच 'गोड' होतो आणि कुमामोन राहत नाही. त्याची नजर चकित झाल्यासारखी आहे, मोहिमेच्या नावातलं सरप्राइझ तिथे बसलंय. दुसरी चूक भुवयांची. त्या लहान आणि डोळ्यांपासून सुट्या हव्यात. डोळ्यांना टेकल्या की तो रागावलेला दिसतो. तिसरी चूक गालांची. गाल मोठे, सपाट आणि चेहऱ्याच्या कडेकडे असतात. ते नाकाजवळ ओढले की विदूषक तयार होतो.

चौथी चूक मी छपाईत पाहतो. काळ्याचं क्षेत्रफळ इतकं मोठं आहे की स्वस्त कागदावर शाई पसरते, पांढऱ्या चकत्या आक्रसतात आणि डोळे बारीक होतात. लहान आकारात छापताना डोळ्यांची चकती किंचित मोठी ठेवलेलं मूळ चित्र लागतं.

सुरुवातीचा पोशाखही आजच्यासारखा नव्हता. २०१० चा कुमामोन बराच सडपातळ दिसतो. नंतर डोकं आणि पोट दोन्ही गोल केले, आणि कुमामोतोचं चांगलंचुंगलं खाऊन तो सुटला, असं त्याचं स्पष्टीकरण मिळालं. पुढे २०१५ मध्ये वजन कमी करण्याचं काम त्याला दिलं, ते जमलं नाही म्हणून त्याची तात्पुरती पदावनतीही झाली. आकारातला बदल गोष्टीत ओवून घेतला, तो लपवला नाही.

---

तळ्यात मळ्यात

'युरु-क्यारा' या शब्दाबद्दल कुणीतरी लिहा ना. सगळ्याच जपानी शुभंकरांना युरु-क्यारा म्हणतात का?

---

गवती चहा

नाही. 'युरुई' म्हणजे सैल, ढिला, निवांत. 'क्यारा' म्हणजे कॅरेक्टर. हा शब्द मिउरा जुन यांनी रुजवला आणि त्याला तीन अटी घातल्या : गावाबद्दलचं प्रेम त्यातून ठळक कळलं पाहिजे, हालचाल अस्थिर आणि एकमेव हवी, आणि त्यात असा ढिलेपणा हवा की बघणाऱ्याला माया वाटावी. किटी या अर्थानं युरु-क्यारा नाही, ती व्यापारी पात्र आहे.

या लाटेचा पहिला मोठा तारा हिकोन्यान. शिगा प्रीफेक्चरमधल्या हिकोने किल्ल्याला चारशे वर्षं झाली त्या २००७ च्या उत्सवासाठी केलेली पांढरी मांजर, डोक्यावर ई घराण्याचं लाल शिरस्त्राण. ई घराण्याच्या एका सरदाराला मांजरीनं हात हलवून देवळात बोलावलं आणि वीज पडण्यापासून वाचवलं, ही दंतकथा तिच्यामागे आहे. २०१० च्या युरु-क्यारा ग्रां प्रीमध्ये, म्हणजे लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या वार्षिक स्पर्धेत, हिकोन्यान पहिली आली. २०११ मध्ये ३४९ पात्रांमधून कुमामोन पहिला आला, २,८७,३१५ मतं घेऊन.

---

आग्या

आता मुख्य मुद्दा. कुमामोन गोंडस आहेच, पण गोंडस तर सगळेच आहेत. फरक पडला तो हक्कांच्या कागदात.

प्रीफेक्चरनं मिझुनोंकडून स्वामित्वहक्क विकत घेतले आणि २०१० च्या डिसेंबरपासून चित्राचा वापर परवानगी घेऊन मोफत केला. रॉयल्टी शून्य. सानरियो किटीचा परवाना विकते आणि त्यावर जगते. कुमामोतोनं परवाना वाटला आणि कमाई मालाच्या विक्रीतून गावात येऊ दिली. वापरासाठी साधारण हे करावं लागतं :

अर्जात कोण वापरणार, कशावर, किती काळ आणि कुठे विकणार हे लिहायचं. सोबत छापायच्या मजकुराचा किंवा वस्तूचा नमुना जोडायचा. वापरातून कुमामोतोचा किंवा तिथल्या मालाचा प्रचार कसा होतो ते दाखवायचं. खाद्यपदार्थ असेल तर कुमामोतोच्या मालाशी खरा संबंध दाखवावा लागतो. बाहेरच्या कारखान्यातल्या कोणत्याही बिस्किटाच्या पुड्यावर अस्वल छापता येत नाही. मंजुरी मिळाली की क्रमांक मिळतो. तो आणि '२०१० कुमामोतो प्रीफेक्चर कुमामोन' ही स्वामित्वाची ओळ वस्तूवर छापावी लागते. राजकीय, धार्मिक किंवा पात्राची प्रतिमा बिघडवणारा वापर नाकारला जातो.

अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. चित्र परस्पर बदललेलं असतं, किंवा कुमामोतोशी संबंध नुसता शब्दांत असतो, मालात नसतो.

मोफत म्हणजे मोकाट नव्हे. पैसे घेतले नाहीत, पण प्रत्येक वापर कचेरीच्या नजरेखालून गेला. त्यामुळे एका छोट्या लोणचेवाल्यालाही मोठ्या कंपनीइतकंच अस्वल मिळालं, आणि कुठे काय छापलं जातंय याची यादीही प्रीफेक्चरकडे राहिली.

परदेशी कंपन्यांना मात्र ही सवलत नाही. २०१८ पासून त्यांना दार उघडलं ते रॉयल्टी घेऊन. पूर्व आशियात नकली मालाचा सुळसुळाट झाला होता. मोफत परवाना फक्त ओळखीच्या हद्दीत सांभाळता येतो.

---

खडीसाखर

आकडे सांगा कुणीतरी. 'अब्जावधी येन' असं मोघम सगळीकडे वाचायला मिळतं.

---

आग्या

प्रीफेक्चरनं जाहीर केलेली कुमामोनच्या वस्तूंची वार्षिक विक्री : २०११ मध्ये सुमारे २.५ अब्ज येन, २०१२ मध्ये २९ अब्जांच्या वर, २०१५ मध्ये १०० अब्जांच्या पुढे, २०१९ मध्ये १५७ अब्जांच्या वर. एका वर्षात जवळजवळ बारा पटींची उडी पडली ती २०११ ते २०१२ या काळात, म्हणजे ग्रां प्री जिंकल्यानंतर. बँक ऑफ जपानच्या कुमामोतो शाखेनं दोन वर्षांचा एकूण आर्थिक परिणाम १२३.२ अब्ज येन काढला होता.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्या. परवानाधारकांना विचारून गोळा केलेली ही विक्री आहे. टोमॅटोच्या खोक्यावर कुमामोन असेल तर खोक्याची पूर्ण किंमत मोजली जाते. ते खोकं अस्वलाशिवायही विकलं गेलंच असतं. म्हणून याला कुमामोनची 'कमाई' म्हणू नये. त्यातला मोठा हिस्सा खाद्यपदार्थांचा आहे, आणि तोच प्रीफेक्चरला हवा होता.

---

मोरपिशी

आग्या, परवान्याचं महत्त्व मान्य. तरी नुसत्या मोफत परवान्यानं हे झालं यावर माझा विश्वास नाही. मोफत चित्रं पुष्कळ गावांनी दिली आणि ती कुणी घेतली नाहीत. लोकांना हवं होतं ते कुमामोनचं वागणं.

इतर शुभंकर उभे राहतात आणि हात हलवतात. कुमामोन धावतो, अडखळतो, निवेदिकेच्या मागे लपतो, मध्येच सोडून जातो, खोड्या काढतो. तो बोलत नाही. त्याच्या वतीनं सोबतची ताई बोलते. त्याला पद आहे : २०११ पासून तो प्रीफेक्चरचा विक्री-विभागप्रमुख आहे, शिवाय 'आनंद-विभागप्रमुख'ही. पदामुळे त्याला कामं देता येतात, कामं दिली की तो ती बिघडवू शकतो, आणि बिघडवली की गव्हर्नर त्याला जाब विचारू शकतात. म्हणजे दर वेळी नवी गोष्ट तयार. नुसत्या गोंडस चेहऱ्याकडून हे काम होत नाही.

आणि तो एकच आहे, ही भूमिका कचेरीनं कधी सोडली नाही. २०१३ मध्ये सम्राट आकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको कुमामोतोला आले तेव्हा सम्राज्ञींनी कुमामोन एकटाच आहे का, असं विचारलं होतं. तो प्रश्न पुढे जपानभर आवडीनं सांगितला गेला.

---

आग्या

वागण्यामुळे माणसं जमली, परवान्यामुळे माल फिरला. एवढं मान्य करतो. पण एखाद्या छोट्या दुकानात कुमामोन रोज दिसत राहिला नसता तर ओसाकातला खेळ वर्षभरात विसरला गेला असता.

---

कापडचोपड

पोशाखाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. जपानी शब्द 'किगुरुमी'. दोन मुख्य जाती.

युरेथेन फोमचा : आत फोमचा सांगाडा, वर लवदार कापड. आकार पक्का राहतो, धावता येतं, पण जड आणि गरम. डोकं वेगळं असतं. मानेचा सांधा दिसू नये म्हणून डोक्याची कड खाली ओढलेली असते किंवा गळ्यात काहीतरी बांधलेलं असतं.

हवेचा : हलकं नायलॉन, आत बॅटरीवरचा पंखा सतत हवा भरतो. मोठा आणि हलका, वाहतुकीला सोपा. पण उड्या मारल्या की अंग लाटेसारखं हलतं, आणि बॅटरी उतरली की पात्र सर्वांसमोर मिटत जातं. म्हणून जादा बॅटरी सोबतच्या माणसाच्या कमरेला हवी, गाडीत ठेवून उपयोग नाही.

कुमामोनसारख्या धावणाऱ्या पात्राला फोमच लागतो.

अडचणी नेहमीच्याच. उन्हाळ्यात आत वीस मिनिटांच्या वर राहू नये, आणि कार्यक्रम त्या हिशेबानं आखायचा. बर्फाची बंडी घातली तरी वेळ थोडीच वाढते. दिसतं ते तोंडाच्या किंवा नाकाच्या जाळीतून, फक्त समोरचं आणि थोडं खालचं. पायाशी आलेलं लहान मूल दिसत नाही, त्यासाठी सोबतचा माणूस अनिवार्य. दाराची रुंदी आधी मोजावी, पोटापेक्षा दार अरुंद निघणं ही सर्रास चूक आहे. काळा पोशाख उन्हात जास्त तापतो, आणि त्यावर धूळ व धागे पांढऱ्यापेक्षा लवकर दिसतात, म्हणून चिकट रूळ कायम लागतो. धुणं म्हणजे आतलं अस्तर सुटं करून धुणं, बाहेरून ब्रश आणि जंतुनाशक फवारा, मग सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवणं. ओल राहिली की फोम कुजतो आणि वास कधीच जात नाही.

---

तळ्यात मळ्यात

हक्क विकत घेतले नाहीत तर काय होतं? चित्रकार स्वतःच तर काढून देतो.

---

आग्या

हिकोन्यानचं झालं ते होतं. नगरपालिकेनं तीन मुद्रांमधली चित्रं घेतली होती. पात्र लोकप्रिय झाल्यावर त्यावरून बाहुल्या निघाल्या, नव्या मुद्रा निघाल्या, स्वभाव-आवडीनिवडी जोडल्या गेल्या. चित्रकारानं २००७ मध्येच हरकत घेतली. पुढची काही वर्षं हा वाद वेगवेगळ्या रूपांत चालू राहिला.

यामागे जपानी कायद्यातली नेमकी एक खाच आहे. तिथल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६१ नुसार हक्क हस्तांतर करताना कलम २७ आणि २८ यांचा, म्हणजे रूपांतराचा आणि रूपांतरित कृतीवरच्या हक्काचा, करारात वेगळा उल्लेख नसेल तर ते हक्क मूळ लेखकाकडेच राहिले असं मानलं जातं. 'सर्व हक्क दिले' एवढं लिहून भागत नाही. शुभंकराच्या बाबतीत सपाट चित्रावरून बाहुली करणं, पोशाख शिवणं, नवी मुद्रा काढणं हे सगळं रूपांतरात मोडतं, म्हणजे नेमकं ज्याची गरज तेच निसटतं. शिवाय कर्त्याचे व्यक्तिगत हक्क हस्तांतरित होतच नाहीत, म्हणून ते वापरणार नाही अशी वेगळी हमी करारात घेतात.

आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेनं किंवा महोत्सवानं शुभंकर करून घेतला तर खाचा वेगळ्या आहेत. १९५७ च्या आपल्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरतात. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात दुसरं काही ठरलेलं नसेल तर तोही सुटतो. तेव्हा करारात संपूर्ण मुदत, सर्व प्रदेश, त्रिमित रूप, पोशाख, हालतं चित्र, नाव आणि नवी रूपं हे शब्द एकेक करून लिहावेत. नाव आणि चेहऱ्याची व्यापारचिन्ह म्हणून वेगळी नोंदणी करावी, ती दर दहा वर्षांनी नूतनीकरणाला येते.

---

दख्खनची राणी

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर एक जोडतो. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यांचा शुभंकर 'जिगर' नावाचा वाघ होता. स्पर्धा संपल्या आणि जिगरही संपला. कार्यक्रमासाठी केलेलं पात्र कार्यक्रमाबरोबर जातं, कारण त्यानंतर ते कुणाच्या खात्यावर नसतं.

जपानमध्येही पुष्कळ पात्रं अशीच जातात, पण काहींची बदली होते. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या बागेवरून केलं, त्या ओकायामाचा मोमोच्ची हा २००५ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचा शुभंकर होता. स्पर्धेनंतर प्रीफेक्चरनं त्याला आपल्याकडे घेतलं. २०१३ मध्ये ज्याच्याशी महाराष्ट्र सरकारनं सहकार्याचा करार केला, त्या वाकायामाचं कीइ-चान हे कुत्रंही २०१५ च्या अशाच स्पर्धेतून आलं आणि राहिलं. कुमामोनचं निमित्तही एका गाडीचं उद्घाटन एवढंच होतं. त्याला पद देऊन पटावर घेतलं म्हणून निमित्त सरलं तरी तो उरला.

---

खडीसाखर

मग सगळ्यांनीच तसं केलं असेल.

---

गवती चहा

केलं, आणि त्यातूनच गर्दी झाली. ग्रां प्रीत २०११ ला ३४९ पात्रं होती, २०१३ ला दीड हजारांच्या वर गेली. एकट्या ओसाकात खात्याखात्यांचे डझनांनी शुभंकर झाले. शेवटी तिथल्या कचेरीनं मोझुयान या पक्ष्याला मुख्य ठरवून बाकीच्यांची संख्या आवरायला घेतली. मतदानातही बिघाड झाला. २०१८ मध्ये योक्काइची शहराच्या नगरपालिकेत कर्मचाऱ्यांना मतदानासाठी लॉगिन आयडी वाटून संघटित मतं टाकल्याचं उघड झालं आणि तशी मतं बाद करावी लागली. ग्रां प्री २०२० मध्ये बंद झाली.

अधिकृत शिक्का नसतानाही काही चाललं, हेही खरं. फुनाबाशी शहराची नाशपाती-परी म्हणवणारा फुनाश्शी नगरपालिकेनं मान्य केलेला नाही, तो बोलतो, किंचाळतो, उड्या मारतो. सगळे नियम मोडून तो लोकप्रिय झाला. पण त्यामागे एकच माणूस आहे. त्याचं अनुकरण खात्याला करता येत नाही.

---

मोरपिशी

२०१६ चा भूकंप नोंदवायलाच हवा. १४ एप्रिलच्या रात्री ६.५ तीव्रतेचा आणि १६ एप्रिलच्या पहाटे ७.३ तीव्रतेचा. किल्ल्याच्या दगडी भिंती कोसळल्या, माशिकी गाव उद्ध्वस्त झालं. कुमामोनचे सगळे कार्यक्रम थांबले, त्याचं ट्विटर खातंही गप्प झालं. तेव्हा लोक विचारू लागले, कुमामोन बरा आहे ना? देशभरातल्या चित्रकारांनी त्याची चित्रं काढून धीराचे निरोप पाठवले. ५ मे, म्हणजे जपानचा बालदिन, त्या दिवशी तो आश्रय घेतलेल्या मुलांना भेटायला निशिहारा आणि माशिकी इथे गेला. मधे तीन आठवडे गेले होते.

एखादं शहर संकटात असताना लोक त्याच्या शुभंकराची खुशाली विचारतात, हे मला विक्रीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं. आणि त्या तीन आठवड्यांत नाचतं अस्वल पडद्यावर आणण्याचा मोह कचेरीनं टाळला, तेही तितकंच महत्त्वाचं.

---

खडीसाखर

कुमामोतोला गेलं तर तो खरोखर भेटतो का?

---

दख्खनची राणी

भेटतो. कुमामोन स्क्वेअर, त्सुरुया या मोठ्या दुकानाच्या पूर्वेकडच्या इमारतीत तळमजल्यावर. जुलै २०१३ मध्ये सुरू झालं. विक्री-विभागप्रमुखाची खोली म्हणून मांडलेलं आहे, टेबल-खुर्चीसकट. कुमामोतो स्टेशनसमोरून ट्राम पकडायची आणि सुइदोचो थांब्यावर उतरायचं, दुकान समोरच.

तो रोज नसतो. हजेरीचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर महिन्याच्या हिशेबानं लागतं आणि बदलतंही, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावं. कार्यक्रम छोटा असतो, जागा लहान आहे, शनिवार-रविवारी मागच्या रांगेतून मुलांना दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, वेळेच्या अर्धा तास आधी पोचलेलं बरं. हाकाताहून सकाळच्या शिनकानसेननं निघालात तर तो कार्यक्रम आणि किल्ला दोन्ही एका दिवसात होतात.